बाह्य डॅकमधील ‘टक-टक’ : कारणे आणि उपाय

संगणकाला जोडलेल्या हेडफोनवर विलंबित ख्याल ऐकत असावे, गायकाने षड्जावर स्वर स्थिर करावा आणि नेमक्या त्याच क्षणी कानात ‘टक्’ असा आवाज उमटावा, हा अनुभव बाह्य डॅक वापरणाऱ्या अनेकांना कधी ना कधी येतो. डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, हे संगणकातील आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करणारे उपकरण होय. असा डॅक प्रत्येक संगणकाच्या पोटात असतोच. परंतु अधिक स्वच्छ आवाजासाठी तो बाहेरून यूएसबीद्वारे जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. मोबाइलला लावायच्या बोटभर शेपटीपासून ध्वनिमुद्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑडिओ इंटरफेसपर्यंत त्याची अनेक रूपे बाजारात मिळतात.

या उपकरणातून टक-टक, चरचर किंवा फट्फट् असे आवाज येऊ लागले की सर्वसाधारण ग्राहक ते बिघडले असे समजतो. दुकानदारही बहुधा तेच सांगतो. वास्तविक अशा तक्रारींत डॅकचा दोष क्वचितच असतो. संगणकाची वीजबचत, एखादा आळशी ड्रायव्हर, न जुळणारी घड्याळे किंवा घरातील अर्थिंग यांपैकी कोणी तरी अपराधी निघतो आणि त्यांतील बहुतेकांचा बंदोबस्त पैसे खर्च न करता होतो.

टाकी रिकामी होते तेव्हा

सीडीच्या दर्जाच्या संगीतात प्रत्येक वाहिनीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. डॅकला ते अखंड आणि समान अंतराने मिळावे लागतात. संगणक मात्र एकाच वेळी शंभर कामे करीत असतो. तो नमुने सवडीने, गठ्ठ्यागठ्ठ्याने पाठवितो. या दोहोंमध्ये मेळ घालण्यासाठी ‘बफर’ नावाची तात्पुरती साठवण असते. सोसायटीच्या गच्चीवरील टाकीची उपमा येथे चपखल बसते. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, घरातील नळ मात्र केव्हाही उघडला तरी वाहतो, कारण मध्ये टाकी आहे. पंप सुरू करायला वॉचमन विसरला की नळाला हवा येते. संगणकाने पुढचा गठ्ठा वेळेवर पोहोचविला नाही की डॅकच्या बाबतीत हेच घडते. लहर मध्येच तुटते आणि त्या तुटलेल्या टोकाचा आवाज आपल्याला ‘टक्’ असा ऐकू येतो.

याला यूएसबीच्या एका स्वभावाची जोड मिळते. पेनड्राइव्हवर फाइल उतरविताना एखादा तुकडा खराब झाला, तर संगणक तो पुन्हा पाठवितो. फाइल अचूक उतरते. ध्वनीसाठी यूएसबीमध्ये निराळी पद्धत वापरली जाते. तीत वेळेची हमी असते, पण पुन्हा पाठविण्याची सोय नसते. वर्तमानपत्राची आवृत्ती छपाईला गेल्यावर उशिरा आलेल्या बातमीचे जे होते, तेच खराब झालेल्या तुकड्याचे होते. म्हणूनच ‘याच केबलने पेनड्राइव्ह उत्तम चालतो, मग केबल खराब कशी?’ हा युक्तिवाद टिकत नाही. काठावरची केबल फाइलीच्या बाबतीत पास होते आणि गाण्याच्या बाबतीत नापास.

आधी निदान, मग उपाय

इंटरनेटवर सल्ल्यांचा सुकाळ आहे आणि ते सगळे एकदम अमलात आणले की कशाने गुण आला हे कळत नाही. त्याऐवजी पहिली परीक्षा अगदी साधी करावी. ज्या गाण्यात टक् ऐकू आले, तो भाग पुन्हा त्याच जागेपासून लावावा. आवाज दुसऱ्यांदाही नेमक्या त्याच अक्षरावर आला, तर दोष फाइलमध्ये आहे, अथवा आवाजाची पातळी मर्यादेबाहेर जाऊन लहरीचे शेंडे कापले जात आहेत. दुसऱ्या प्रकारात संगणकातील व्हॉल्यूम आणि इक्वलायझरची वाढ थोडी कमी केली की चरचर थांबते. आवाज दर वेळी निराळ्या जागी आला, तर मात्र वहनात दोष आहे असे समजावे.

त्यानंतर डॅक दुसऱ्या संगणकाला किंवा मोबाइलला जोडून पाहावा. तेथे तासभर निर्वेध चालला, तर उपकरण निर्दोष आहे आणि शोध पहिल्या संगणकात घ्यायचा आहे. परीक्षेसाठी गाणे इंटरनेटवरून न वाजविता संगणकात साठविलेले घ्यावे. अर्थात इंटरनेटचा वेग कमी पडला तर गाणे बहुधा थांबते, टकटकत नाही; पण एक शक्यता वजा झालेली बरी.

परीक्षेचे गाणे कोणते घ्यावे, यालाही महत्त्व आहे. तबल्याची द्रुत गत किंवा ढोल-ताशा यांत दहा टक्टक् सहज लपून जातील. त्यासाठी तानपुरा उत्तम. सलग, संथ आणि भरीव अशा त्या नादात लहर एका क्षणासाठी तुटली तरी कान टवकारतो. निव्वळ शांतता मात्र परीक्षेला निरुपयोगी आहे. शून्याच्या रांगेतून चार शून्ये गळाली तरी उरलेली शून्येच राहतात, त्यामुळे शांततेतील गळती ऐकूच येत नाही. ‘गाणे बंद असताना काही आवाज नाही’ एवढ्यावरून कोणी उपकरणाला प्रमाणपत्र देऊ नये. याउलट गाणे बंद असतानाही फट्फट् येत असेल, तर तो विजेचा प्रश्न असण्याची शक्यता अधिक. त्याकडे पुढे वळू.

बफर किती असावा?

उपकरणासोबत आलेल्या ड्रायव्हरच्या पटलावर बफरचा आकार बहुधा नमुन्यांच्या संख्येत दिलेला असतो. ४४,१०० च्या गतीने १२८ नमुने म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६ आणि १,०२४ म्हणजे २३.२ मिलिसेकंद. बफर लहान असला की आवाज लवकर बाहेर येतो, पण संगणकाला चुकायला जागा उरत नाही. केवळ गाणी ऐकणाऱ्याला २३ मिलिसेकंदांच्या उशिराने काडीचाही फरक पडत नाही. तेव्हा त्याने बफर निःसंकोच वाढवावा. ‘कमीत कमी बफर म्हणजे उत्तम आवाज’ हा समज काही शौकिनांमध्ये आढळतो, त्याला आधार नाही.

गाताना स्वतःचाच आवाज हेडफोनमधून ऐकणाऱ्याची अडचण खरी आहे. दहा-वीस मिलिसेकंदांचा उशीरही त्याला खटकतो. अशा वेळी बफर लहान करून संगणकाशी झुंजण्यापेक्षा इंटरफेसवरील ‘डायरेक्ट मॉनिटर’ची कळ वापरावी, माइकचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो आणि बफर मोठा ठेवता येतो.

बफर १,०२४ वर नेऊनही टक्टक् थांबली नाही, तर संगणकातील दुसराच कोणी तरी रस्ता अडवून बसला आहे. विंडोजमध्ये प्रत्येक यंत्राचा ड्रायव्हर आपले तातडीचे काम करताना इतरांना थांबवून ठेवू शकतो. एखाद्याने मिलिसेकंदाचे अनेक भाग खाल्ले की ध्वनीचा गठ्ठा चुकतो. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी येथे उपयोग नाही. महागड्या खेळांच्या लॅपटॉपवर टकटक आणि जुन्या कार्यालयीन संगणकावर शांतता, असे उलटे चित्र यामुळेच दिसते. हा अपराधी हुडकण्यासाठी ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्राम उपयुक्त आहे. गाणे लावून तो दहा-पंधरा मिनिटे चालवावा. सर्वाधिक वेळ खाणाऱ्या ड्रायव्हरचे नाव तो देतो. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड आणि बॅटरीचे व्यवस्थापन ही नेहमीची संशयित मंडळी. प्रोग्राम उतरवून घ्यायचा नसेल तर वाय-फाय पाच मिनिटे बंद करून पाहावे. टक्टक् थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा.

डॅकच्या स्वतःच्या ड्रायव्हरबद्दलही थोडे सांगायला हवे. यूएसबी ध्वनीची दुसरी प्रमाणप्रणाली २००६ मध्ये आली, पण विंडोजने तिच्यासाठी अंगभूत ड्रायव्हर दिला तो २०१७ मध्ये, विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीत. त्यापूर्वी प्रत्येक उत्पादकाला स्वतःचा ड्रायव्हर द्यावा लागे. त्या काळातील ड्रायव्हर आजही काही संगणकांत पडून आहेत. अशा वेळी जुना ड्रायव्हर पूर्ण काढून, संगणक पुन्हा सुरू करून अंगभूत ड्रायव्हरवर डॅक चालवून पाहावा; अथवा उत्पादकाची नवी आवृत्ती असल्यास ती घालावी. दोन्ही प्रयोग करून ज्यात शांतता लाभेल तो ठेवावा. यात तत्त्वाचा प्रश्न नाही.

वीजबचतीचा जाच

लॅपटॉप बॅटरी वाचविण्यासाठी न वापरलेल्या यूएसबी खाचांना झोपवितो. दोन गाण्यांमधील शांततेलाही तो कधी कधी ‘वापर नाही’ असे समजतो. गाणे सुरू होताना फट् असा आवाज येणे, पहिला शब्द गिळला जाणे ही याची खूण. विंडोज १० व ११ मध्ये कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करता येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर ‘वीज वाचविण्यासाठी हे यंत्र बंद करण्यास संगणकास मुभा द्यावी’ अशा अर्थाची चौकट असते. तीतील खूणही काढावी. काही नव्या लॅपटॉपांत यांपैकी एखादे सेटिंग दिसत नाही. तेव्हा प्लॅन बदलून ‘हाय परफॉर्मन्स’ घ्यावा. लिनक्सवरील पाइपवायर प्रणालीतही पाच सेकंदांच्या शांततेनंतर ध्वनियंत्र झोपविण्याची मूळ व्यवस्था असते. ती कालमर्यादा शून्य केली की यंत्र जागे राहते.

प्रत्येक फट् मात्र दोष नसतो. एका गाण्याची गती ४४,१०० आणि पुढच्याची ४८,००० असली की डॅकला आपले घड्याळ बदलावे लागते. त्या वेळी डब्यातील रिलेचा ‘टिक्’ असा आवाज येतो. तो डब्यातून येत असेल आणि स्पीकरमधून येत नसेल, तर निश्चिंत असावे. स्पीकरमधूनच ठोका बसत असेल, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये एकच गती कायम करून, गाण्याच्या प्रोग्राममधील ‘एक्सक्लुझिव्ह’ पद्धत बंद करावी. मोठ्या आवाजावर बसणारा असा ठोका स्पीकरच्या नाजूक ट्विटरला आणि हेडफोन घातलेल्या कानाला घातक ठरू शकतो. ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा, हा जुन्या स्टिरिओच्या काळातील नियम यूएसबीच्या काळातही पाळण्यासारखा आहे.

दोन घड्याळे, एक घर

टक् हा आवाज ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा येत असेल तर निदान जवळजवळ निश्चित आहे. प्रत्येक डिजिटल ध्वनियंत्रात स्फटिकाचे घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा, यूएसबी माइकने आवाज घेतला आणि वेगळ्या डॅकवर ऐकला. दोघांनीही ४८,००० ची गती सांगितली, पण त्यांच्यात दहा लाखांत ५० इतका बारीक फरक आहे. तेवढ्याने दर सेकंदाला २.४ नमुन्यांची तफावत पडते. १,०२४ नमुन्यांचा बफर सुमारे सात मिनिटांत ओसंडतो किंवा आटतो आणि टक् होते. मग पुन्हा सात मिनिटे शांतता. काही सॉफ्टवेअर ही तफावत हळूच भरून काढतात, काही काढत नाहीत. उपाय असा, की शक्य तेथे ऐकणे आणि ध्वनिमुद्रण एकाच उपकरणावर करावे. दोन उपकरणे ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल तारेने जोडली असतील, तर एकाचे घड्याळ ‘इंटर्नल’ आणि दुसऱ्याचे ‘एक्स्टर्नल’ असे ठेवावे. मॅकवर दोन उपकरणे एकत्र बांधताना ऑडिओ मिडी सेटअपमध्ये ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची चौकट असते, ती विसरू नये.

घड्याळाच्या गोंधळाचे गाजलेले उदाहरण ॲपलचे आहे. टी२ चिप असलेल्या मॅक संगणकांवर अनेक उत्पादकांचे यूएसबी इंटरफेस अधूनमधून टकटकू लागले. संगीतकारांनी केबली बदलल्या, हब बदलले, इंटरफेस परत केले. २०१९ च्या प्रारंभी असे लक्षात आले, की संगणक इंटरनेटवरून आपली वेळ दुरुस्त करून घेतो त्या वेळी हा अडथळा येतो. तारीख-वेळ आपोआप लावण्याची सोय बंद केली की त्रास कमी होतो. मार्च २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस १०.१४.४ या आवृत्तीत २०१८ च्या मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनी यांच्यावरील यूएसबी ध्वनीची विश्वासार्हता सुधारल्याचे कंपनीने नमूद केले. तोपर्यंत किती निर्दोष इंटरफेस भंगारभावाने विकले गेले असतील, कोण जाणे. असा जुना मॅक सेकंडहँड घेतला असेल आणि तो मूळ आवृत्तीवरच चालत असेल, तर आधी प्रणाली अद्ययावत करावी.

अर्थिंग, चार्जर आणि फ्रिज

आता विजेकडे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. चरचर किंवा ‘घूंऽऽ’ असा घोगरा नाद तत्क्षणी थांबला, तर प्रश्न अर्थिंगचा आहे. लॅपटॉप एका प्लगमधून आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्लगमधून वीज घेतो, दोघे यूएसबी व ऑडिओ तारांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि या वर्तुळातून नको तो प्रवाह फिरतो. सर्व उपकरणे एकाच तीन पिनांच्या एक्स्टेंशन बोर्डवर आणल्याने अनेकदा काम भागते. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण अर्थची तार मागे जोडलेलीच नसते. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून ती तपासून घ्यावी. आवाज थांबावा म्हणून प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये. आवाज थांबेल, पण उपकरणात बिघाड झाला तर ती पिनच माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचविते.

डॅक आणि संगणक यांचा विद्युतसंबंध तोडण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे ऑप्टिकल तार. तीतून प्रकाश जातो, वीज नाही. संगणकाला तशी खाच नसेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो. मात्र स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या जुन्या गतीवरच चालतात. उच्च गतीची अपेक्षा करणारा डॅक त्यावर एक तर ९६,००० पुढे जात नाही किंवा चालतच नाही. खरेदीपूर्वी ‘हाय स्पीड’ असा उल्लेख पाहावा.

फ्रिज, पंप किंवा पंखा सुरू-बंद होताना फट् आवाज येत असेल, तर ते यंत्र आणि ध्वनियंत्रणा वेगवेगळ्या सॉकेटवर न्यावीत. केबलचे सांगायचे तर ती आखूड आणि साधी असावी. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. घरी एक मीटर पुरे. डॅक हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या खाचेत लावावा. हबला बाहेरून वीज नसेल तर माऊस, हार्डडिस्क आणि डॅक यांना मिळून ५०० मिलिॲम्पिअरमध्ये भागवावे लागते. आपल्याकडील पावसाळ्यात खाचांच्या धातूवर ओलीने थर चढतो. प्लग चार-पाच वेळा आत-बाहेर करणे हा गावठी उपाय पुष्कळदा लागू पडतो. हजारो रुपयांच्या ‘ऑडिओफाइल’ यूएसबी केबलीची मात्र काही आवश्यकता नाही.

ध्वनिमुद्रण करीत असाल तर

ऐकताना आलेली टक् क्षणात विरते. ध्वनिमुद्रण करताना आलेली टक् फाइलमध्ये कायमची बसते. घरोघरी जुन्या कॅसेट संगणकावर उतरविण्याचे काम चालते. त्यांत कोणाचे बारशाचे बोल असतात, कोणाच्या आजोबांचे कीर्तन. प्रस्तुत लेखकाने आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची १९८९ सालची कॅसेट अशीच उतरविली. संगणक बॅटरीवर होता, इंटरफेस हबमध्ये होता आणि ध्वनिमुद्रण चालू असताना ते ऐकण्याची तसदी घेतली नाही. संध्याकाळी ऐकले तेव्हा बारा ओव्यांत वीस-बावीस ठिकाणी टक् होती, दोन ठिकाणी शब्दच नव्हता. दुसऱ्यांदा लावताना फीत डेकच्या रोलरमध्ये गुंडाळली जाऊन तुटली. ती चिकटविता आली, पण तेवढ्या भागातील ओवी गेली.

म्हणून मूल्यवान कॅसेट लावण्यापूर्वी अर्ध्या तासाची रंगीत तालीम करावी. इंटरफेसचे आउटपुट तारेने त्याच्याच इनपुटला जोडावे, ‘ऑडॅसिटी’मध्ये १,००० हर्ट्झचा सलग स्वर तयार करून वाजवावा आणि त्याच वेळी मुद्रित करावा. स्पीकर तोवर बंद ठेवावेत. झालेले मुद्रण स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात पाहिले की स्वराची एक आडवी रेघ दिसते. जेथे लहर तुटली असेल तेथे उभी रेघ उमटते. अर्ध्या तासात एकही उभी रेघ नसेल तर कॅसेट लावायला हरकत नाही. मुद्रण चालू असताना चार्जर लावलेला, वाय-फाय बंद, ब्राउझर बंद आणि बफर मोठा ठेवावा. हेडफोन कानाला लावून बसावे, हे सांगायलाच नको.

आधीच बिघडलेल्या फाइलीसाठी ऑडॅसिटीतील ‘रिपेअर’ हे साधन आहे. ते एका वेळी जास्तीत जास्त १२८ नमुन्यांवर, म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंदांवर चालते आणि आजूबाजूच्या लहरीवरून मधली जागा अंदाजाने भरते. बारीक टक् त्याने इतकी बेमालूम जाते, की नंतर जागा सापडत नाही. त्याहून मोठी गळती असेल तर त्या साधनाचा उपयोग नाही.

एवढे सगळे करूनही टक्टक् राहिली आणि ती दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या केबलने, बॅटरीवरही तशीच येत असेल, तर डॅक खरोखरच बिघडलेला आहे. खाचेचा सैल पडलेला सांधा हे एक कारण असते. केबलचे टोक हलक्या हाताने हलविल्यावर आवाज आला तर तेच समजावे. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नये. सेवा केंद्रात जाताना तानपुऱ्याचे सदोष मुद्रण मोबाइलमध्ये न्यावे आणि कोणत्या दोन संगणकांवर तपासले ते कागदावर लिहून द्यावे. तोंडी तक्रारीवर ‘आमच्याकडे नीट चालतो’ हे उत्तर हमखास मिळते.